स्वाहिलीचे व्याकरण मराठीच्या वाटेने : नामवर्ग, क्रियापद आणि वाक्यरचना

किनारा (धाग्याची सुरुवात)

गेली चार वर्षे कामानिमित्त टांझानियात, दार-एस-सलाम येथे राहत आहे. पहिल्या वर्षी मी स्वाहिली इंग्रजी पुस्तकांतून शिकलो आणि त्या वर्षभरात वाक्य जुळवताना सतत अडखळत राहिलो. दुसऱ्या वर्षी एक गोष्ट ध्यानात आली. ज्या गोष्टी इंग्रजी पुस्तके 'विचित्र' म्हणून समजावून सांगतात, त्यांतील बऱ्याच गोष्टी मराठी माणसाला जन्मापासून येत असतात. दोन्ही भाषांचे कूळ एक नाही. स्वाहिली ही आफ्रिकेतील बांटू कुळातील आहे आणि आपली मराठी इंडो-आर्य, त्यामुळे पुढे दाखवलेली साम्ये ही नात्याची नव्हेत. तरीही शिकणाऱ्याला ती फार उपयोगी पडतात, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी लेखनाविषयी थोडे. स्वाहिलीत पाचच स्वर आहेत आणि जसे लिहिले तसेच वाचले जाते, त्यामुळे ती देवनागरीत चांगली उतरते. शब्दाच्या शेवटी मी मुद्दाम ऱ्हस्व इकार-उकार लिहिले आहेत. मराठी शुद्धलेखनात ते दीर्घ झाले असते, परंतु स्वाहिलीत आघात बहुतेक नेहमी शेवटून दुसऱ्या अवयवावर (अक्षरावर) येतो, म्हणून 'कितााबु' असा मधला स्वर लांबवावा आणि शेवटचा आखूड ठेवावा. 'व' आणि 'व्ह' हे तेथे वेगळे वर्ण आहेत. 'झ' हा 'झाड' मधल्यासारखा, परंतु हकार न देता म्हणावा. शब्दारंभीचा 'म्‌' हा स्वतंत्र अवयव आहे : 'म्‌तु' (माणूस) या शब्दात दोन अवयव आहेत आणि आघात त्या 'म्‌' वरच आहे. आपल्या वर्णमालेत असूनही शब्दाच्या आरंभी कधी न येणारे ङ आणि ञ येथे खऱ्या अर्थाने कामाला येतात : 'ङोम्बे' म्हणजे गाय-बैल, 'ञुंबा' म्हणजे घर.

आता मुख्य मुद्दा. स्वाहिलीत वाक्यावर राज्य नामाचे असते. प्रत्येक नाम कोणत्या तरी वर्गात मोडते, त्या वर्गाला तेथे 'ङ्गेलि' म्हणतात, आणि नामाचा वर्ग त्याच्यामागून येणाऱ्या विशेषणावर, संख्येवर, 'माझा-तुझा' वर आणि क्रियापदावर आपला ठसा उमटवतो. हे वाक्य पाहा :

किताबु चांगु किझुरि किमेपोतेआ. (माझे चांगले पुस्तक हरवले आहे.)
व्हिताबु व्ह्यांगु व्हिझुरि व्हिमेपोतेआ. (माझी चांगली पुस्तके हरवली आहेत.)

इंग्रजीतून शिकणारा येथे घाबरतो, कारण त्याच्या भाषेत 'माझा' आणि 'चांगला' हे शब्द कधी बदलत नाहीत. आपल्या वाक्यात मात्र माझे-माझी, चांगले-चांगली, हरवले-हरवली असे तीन ठिकाणी बदल झालेलेच आहेत. फरक एवढाच की मराठी हा ठसा शब्दाच्या शेवटी उमटवते आणि स्वाहिली शब्दाच्या आरंभी. एका शब्दाने दुसऱ्याशी जुळवून घेण्याची जी सवय लागते, ती आपल्याला आधीपासूनच आहे, फक्त कान शब्दाच्या शेपटाकडून तोंडाकडे न्यावा लागतो.

प्रमुख वर्ग मी खाली देतो. तेथील शाळांत हल्ली वर्गांना क्रियापदाच्या उपसर्गावरून नावे देतात आणि तीच पद्धत मला सर्वांत सोयीची वाटते. वाक्य एकच घेतो, 'पडला आहे', म्हणजे ठसा स्पष्ट दिसेल.

आ-वा वर्ग, माणसे आणि प्राणी : म्‌तोतो आमेआंगुका, वातोतो वामेआंगुका (मूल, मुले).
उ-इ वर्ग, झाडे आणि इतर काही : म्‌ति उमेआंगुका, मिति इमेआंगुका (झाड, झाडे).
लि-या वर्ग, फळे, शरीराचे अवयव आणि बरेच काही : तुंदा लिमेआंगुका, मातुंदा यामेआंगुका (फळ, फळे).
कि-व्हि वर्ग, वस्तू : किति किमेआंगुका, व्हिति व्हिमेआंगुका (खुर्ची, खुर्च्या).
इ-झि वर्ग, येथे एकवचन आणि अनेकवचन सारखेच दिसते : ञुंबा इमेआंगुका, ञुंबा झिमेआंगुका (घर, घरे).

याशिवाय भाववाचक नामांचा 'उ' वर्ग आहे (उझुरि म्हणजे सौंदर्य), क्रियावाचक नामांचा 'कु' वर्ग आहे (कुसोमा म्हणजे वाचणे) आणि स्थळाचे वर्ग आहेत, त्यांच्याकडे नंतर वळू.

एक सल्ला मनापासून देतो. नाम कधीही एकटे पाठ करू नका, ते 'माझा' सह पाठ करा : म्‌तोतो वांगु, म्‌ति वांगु, तुंदा लांगु, कितांडा चांगु (पलंग), ञुंबा यांगु. एखाद्या परक्या माणसाला मराठी शिकवायची झाल्यास आपण त्याला नुसते 'हात, मान, डोके' देणार नाही, 'माझा हात, माझी मान, माझे डोके' असे देऊ, कारण मान स्त्रीलिंगी का हे कोणीही सांगू शकत नाही. येथेही तसेच आहे. वर्गामागे अर्थाचा काही धागा असतो, परंतु तो सर्वत्र पोहोचत नाही.

---

प्रवासाची तयारी

फार उपयुक्त लेखन. पुढील महिन्यात नोकरीसाठी टांझानियातील म्वांझा येथे जाणार आहे, त्यामुळे अधाशासारखे वाचले. एक शंका आहे. 'शिक्षकाचे पुस्तक' असे म्हणायचे असेल तर षष्ठी कशी करतात?

---

किनारा

हा माझा सर्वांत आवडता भाग आहे. 'किताबु चा म्वालिमु' म्हणजे शिक्षकाचे पुस्तक. अनेकवचनी 'व्हिताबु व्ह्या म्वालिमु'. शिक्षकाचे मूल म्हणजे 'म्‌तोतो वा म्वालिमु', शिक्षकाचे घर म्हणजे 'ञुंबा या म्वालिमु', शिक्षकाचे फळ म्हणजे 'तुंदा ला म्वालिमु'. मधला जो छोटा शब्द आहे, त्याचे रूप मालकावरून ठरत नाही, मालकीच्या वस्तूवरून ठरते. शिक्षकाचा मुलगा, शिक्षकाची वही, शिक्षकाचे घर, यांत आपण नेमके हेच करतो. इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन मातृभाषा असलेल्या सहकाऱ्यांना या जागी महिनोन्‌महिने चुकताना मी पाहिले आहे. मला एका संध्याकाळी समजले आणि त्याचे श्रेय माझे नव्हते, मराठीचे होते.

उलटे आहे ते फक्त क्रमाचे. आपण मालक आधी सांगतो, ते वस्तू आधी सांगतात.

---

अनुस्वार

भाषाशास्त्राचा विद्यार्थी म्हणून थोडी भर घालतो. 'चा' हे रूप दोन्ही भाषांत सारखे लिहिले गेले तरी त्यावरून कोणी नात्याचे अनुमान काढू नये, आणि उच्चारही एक नाही. 'त्याचा' मधला आपला 'चा' दंततालव्य आहे, तर स्वाहिलीतील 'चा' हा 'चहा' मधल्या च सारखा तालव्य आहे. 'चमचा' मधला च वापरल्यास तेथील माणसाच्या कानाला तो त्स असा लागतो.

उच्चाराचाच आणखी एक सापळा आहे. रोमन लिपीत स्वाहिली वाचताना आपण जे ध, थ, घ समजतो ते महाप्राण नव्हेत, ते अरबीतून आलेले घर्षक आहेत. 'धाहाबु' (सोने) मधला पहिला वर्ण जिभेचे टोक दातांत धरून घासून काढायचा आहे आणि 'घालि' (महाग) मधला घ घशातून घासत यावा लागतो. स्वाहिलीचा 'त' सुद्धा आपल्या त आणि ट यांच्या मधोमध कुठेतरी पडतो. देवनागरी सोयीची आहे हे किनारा यांचे म्हणणे मान्य आहे, परंतु या तीन-चार ठिकाणी ती फसवते.

वर्गांविषयी : भाषाशास्त्रात बांटू भाषांच्या नामवर्गांना क्रमांक देतात, त्यात एकवचन आणि अनेकवचन यांना वेगळे आकडे असतात. स्वाहिलीची दुसऱ्या बांटू भाषेशी तुलना करायची असेल तर ते क्रमांक अपरिहार्य आहेत. बोलायला शिकण्यासाठी कि-व्हि, लि-या हीच नावे योग्य, याबद्दल माझा वाद नाही.

'कितााबु' ऐवजी 'किताबु' असे लिहून नुसता आघात सांगितला असता तरी चालले असते, कारण आघातामुळे येणारी लांबी ही शब्दाचा अर्थ बदलणारी लांबी नव्हे.

---

किनारा

मान्य. 'कितााबु' हे फक्त आघात दाखवण्यापुरते लिहिले होते.

'कितााबु' वरून आठवले. हा शब्द मुळात अरबी 'किताब' आहे, आपल्याकडेही तो आहेच. अरबीत त्यातला 'कि' हा धातूचा भाग आहे, उपसर्ग नव्हे. स्वाहिली बोलणाऱ्यांच्या कानाला तो कि-व्हि वर्गातला 'कि' वाटला आणि त्यांनी त्याचे अनेकवचन 'व्हितााबु' असे केले. परका शब्द आपल्या व्याकरणात बसवून घेण्याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. आपणही 'बस' ला स्त्रीलिंगी करून 'आपली बस आली' म्हणतोच.

---

पूर्वेकडून

आमच्या घरी तीन पिढ्या केनियातील मोंबासाशी संबंध आहे, म्हणून भारतातून गेलेल्या शब्दांविषयी लिहितो. गारि (गाडी), पेसा (पैसा), रांगि (रंग), लाकि (लाख), हुंदि (हुंडी), बिमा (विमा), आचारि (लोणचे), चापाति हे शब्द तेथे रोजच्या वापरातले आहेत. हिंदी महासागरावरील व्यापाराबरोबर ते गेले. व्याकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की यांतील प्रत्येक शब्दाला वर्ग मिळालेला आहे. गारि हा लि-या वर्गात गेला : 'गारि लांगु' (माझी गाडी), 'मागारि यांगु' (माझ्या गाड्या). पेसा, रांगि, बिमा, चापाति हे इ-झि वर्गात राहिले : 'पेसा झांगु' (माझे पैसे). आपला शब्द ऐकला की आपण निर्धास्त होतो आणि त्याच्या वर्गाकडे दुर्लक्ष करतो, ही चूक माझ्या घरातही वर्षानुवर्षे होत आली आहे.

संख्येचे पाहा. 'दोन' हा शब्द वर्गाप्रमाणे बदलतो : वातोतो वाविलि (दोन मुले), मिति मिविलि (दोन झाडे), मातुंदा माविलि (दोन फळे), व्हिति व्हिविलि (दोन खुर्च्या), चापाति म्बिलि (दोन चपात्या). माणसांसाठी 'दोघे, तिघे' असे वेगळे शब्द ठेवणाऱ्या मराठी माणसाला हे फार परके वाटू नये.

---

अनुस्वार

आणि सगळ्याच संख्या बदलत नाहीत. एक ते पाच आणि आठ यांना उपसर्ग लागतो. सहा (सिता), सात (साबा) आणि नऊ (तिसा) हे अरबीतून आले, ते बदलत नाहीत. दहा (कुमि) हा बांटू असूनही बदलत नाही. विशेषणांतही हाच भेद आहे : 'झुरि' (चांगला), 'कुब्वा' (मोठा) ही बदलतात, पण अरबीतून आलेली 'घालि' (महाग), 'साफि' (स्वच्छ), 'राहिसि' (सोपा) ही बदलत नाहीत. मराठीत 'चांगला-चांगली-चांगले' बदलते आणि 'लाल', 'सुंदर', 'स्वच्छ' बदलत नाही, तसेच हे. कोणते विशेषण विकारी आणि कोणते अविकारी हे एकदा कळले की निम्मे काम होते.

---

प्रवासाची तयारी

नामाचे आता बरेच स्पष्ट झाले. क्रियापद मात्र मला अजून एक लांबलचक साखळी वाटते. ती कशी सोडवावी?

---

किनारा

साखळीच आहे, परंतु प्रत्येक कडीची जागा ठरलेली आहे. आधी कर्ता, मग काळ, मग (असल्यास) कर्म, मग धातू, शेवटी स्वर.

नि-ना-सोमा : मी वाचतो आहे.
नि-लि-सोमा : मी वाचले.
नि-ता-सोमा : मी वाचीन.
नि-मे-सोमा : मी वाचले आहे.

कर्त्याची रूपे : नि (मी), उ (तू), आ (तो किंवा ती), तु (आम्ही), म्‌ (तुम्ही), वा (ते). स्वाहिलीत लिंगभेद अजिबात नाही, 'आनासोमा' म्हणजे तो वाचतो आहे किंवा ती वाचते आहे. 'आम्ही' आणि 'आपण' हा आपला सुंदर भेदही तेथे नाही, दोहोंना 'तु' च. सर्वनाम वेगळे सांगण्याची गरज नसते. 'वाचीन' म्हटल्यावर 'मी' न सांगताही कळते, तसे येथे प्रत्येक काळात कळते.

आता कर्म साखळीत घाला. नि-ता-कु-सोमा असे नुसते म्हटले तर 'मी तुला वाचीन' असा विचित्र अर्थ होईल, म्हणून धातूला एक जोड देतात : नि-ता-कु-सोम-ए-आ कितााबु, म्हणजे मी तुला पुस्तक वाचून दाखवीन. हा मधला 'ए' किंवा 'इ' म्हणजे आपले 'करून देणे' किंवा 'साठी'. पिका म्हणजे रांधणे, पिकिआ म्हणजे कोणासाठी तरी रांधणे : 'मामा आनावापिकिआ वातोतो चाकुला', आई मुलांसाठी स्वयंपाक करते आहे. त्या वाक्यातील 'चाकुला' म्हणजे अन्न, आणि तो शब्द उघडून पाहिला तर 'चा' अधिक 'कुला' म्हणजे 'खाण्याचे' असा निघतो. आपण 'काही खायचे आहे का' असे विचारतो तेव्हा आपणही तेच करतो.

धातूला लागणाऱ्या जोडांचे आणखी प्रकार आहेत. सोमेशा म्हणजे शिकवणे (वाचायला लावणे), सोमेका म्हणजे वाचता येण्याजोगे असणे, सोम्वा म्हणजे वाचले जाणे, पिगा म्हणजे मारणे तर पिगाना म्हणजे एकमेकांशी मारामारी करणे. शिकणे-शिकवणे, कळणे-कळवणे, बसणे-बसवणे ही जोडी ज्याच्या तोंडात आहे त्याला प्रयोजक रूप समजावून सांगावे लागत नाही.

कर्माबद्दल एक नियम पक्का करा. कर्म माणूस असेल तर साखळीत त्याची खूण हवीच : 'निनाम्वोना म्‌तोतो' (मी मुलाला पाहतो आहे). कर्म वस्तू असेल तर ती खूण सहसा तेव्हाच येते जेव्हा बोलणे एखाद्या ठरावीक वस्तूविषयी असते : 'निमेओना कितााबु' (पुस्तक पाहिले), 'निमेकिओना कितााबु' (ते पुस्तक पाहिले). आपण 'मुलाला पाहिले' म्हणतो आणि 'पुस्तक पाहिले' म्हणतो, पुस्तकाला 'ला' लावत नाही. माणूस आणि वस्तू यांत भेद करण्याची हीच नजर स्वाहिलीत वेगळ्या जागी दिसते.

---

शेवटचे पान

मी झांझिबारला दोन वर्षे होतो. 'मे' या काळाविषयी मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण सर्वांत मोठा फायदा मराठी माणसाला येथे होतो आणि पुस्तके मात्र येथेच सर्वांत जास्त गोंधळ घालतात. इंग्रजीतून शिकवताना 'मे' म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ असे सांगून पुढे जातात. मग विद्यार्थी 'तो झोपलेला आहे' यासाठी चालू वर्तमानकाळ वापरून 'आनालाला' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की तो आत्ता आडवा होऊ लागला आहे. बरोबर रूप 'आमेलाला' आहे. मराठीत आपण काय म्हणतो? 'तो झोपला आहे.' क्रिया झाली आणि तिची अवस्था टिकून आहे, हाच दोन्हीकडील विचार.

आमेकाआ : बसला आहे. आमेसिमामा : उभा आहे, म्हणजे उभा राहिलेला आहे. आमेव्हाआ : (कपडा) घातला आहे. निमेचोका : थकलो आहे. निमेशिबा : पोट भरले आहे. निमेएलेवा : समजले. हे शेवटचे फार महत्त्वाचे. इंग्रजीत 'समजते' असा वर्तमानकाळ येतो, पण समोरच्याने काही सांगितल्यावर मराठी माणूस 'समजलं' म्हणतो आणि स्वाहिली माणूस 'निमेएलेवा' म्हणतो. दोघांच्याही मनात समजण्याची क्रिया घडून गेलेली असते. मी ही यादी करून मराठी रूपांशी ताडून पाहिली तेव्हा ज्या ठिकाणी मराठीत 'ला आहे' येते, तेथे बहुतेक वेळा 'मे' येतो असे आढळले. इंग्रजीकडे बघणे मी त्या दिवसापासून सोडले.

नकाराचेही तसेच. 'वाचीन' चा नकार आपण 'वाचीन नाही' असा करत नाही, 'वाचणार नाही' असे क्रियापदच बदलतो. शिवाय 'नाही, नाहीस, नाहीत' असा नकारही कर्त्याप्रमाणे बदलतो. स्वाहिलीत दोन्ही गोष्टी होतात : निनासोमा (वाचतो आहे) पण सिसोमि (वाचत नाही), निलिसोमा पण सिकुसोमा (वाचले नाही), नितासोमा पण सितासोमा (वाचणार नाही), निमेसोमा पण सिजासोमा (अजून वाचलेले नाही). 'मी' चा नकार सि, 'तू' चा हु, 'तो-ती' चा हा, बाकी ठिकाणी कर्त्याच्या आधी 'हा' : हातुसोमि, हाम्सोमि, हावासोमि. वर्तमानकाळात शेवटचा 'आ' जाऊन 'इ' येतो, तो विसरू नये.

---

नैरोबीकर

हे सारे वाचताना आनंद झाला, तरी एक आक्षेप नोंदवणे मला आवश्यक वाटते. येथील बाजारात, बसमध्ये, कार्यालयात तुम्हांला 'कितााबु चांगु' पेक्षा 'कितााबु यांगु' अधिक वेळा ऐकू येईल. 'गारि लांगु' ऐवजी 'गारि यांगु' सर्रास चालते. बोलीत बरेच वर्ग इ-झि वर्गाच्या ठशाकडे ओढले गेले आहेत. पुस्तकी जुळणी पाठ करत बसलेला माणूस सहा महिने तोंड उघडत नाही, आणि चुकीची का होईना बोलू लागलेला माणूस तोवर मित्र जोडून मोकळा होतो. नवख्याने आरंभी एवढा भार घ्यावा का?

---

किनारा

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कुठे राहणार यावर अवलंबून आहे. प्रमाण स्वाहिली ही झांझिबार शहराच्या 'किउंगुजा' बोलीवर उभी आहे. 1928 साली मोंबासा येथील परिषदेत तो निर्णय झाला आणि 1930 मध्ये प्रमाणीकरणासाठी समिती नेमली गेली. केनियाच्या अंतर्भागातील बहुतेकांची ती दुसरी किंवा तिसरी भाषा आहे, तर किनाऱ्यावर आणि झांझिबारमध्ये ती मातृभाषा आहे. दार-एस-सलाममध्ये रस्त्यावरचा फळविक्यासुद्धा 'माएम्बे मातातु' (तीन आंबे) असे चोख जुळवून बोलतो. नैरोबीतील बोलणे अशुद्ध आहे असे मी म्हणणार नाही. भाषा परक्या तोंडांत गेली की सोपी होते, ते स्वाभाविक आहे. परंतु जुळणीसह शिकलेला माणूस नैरोबीत सैल बोलू शकतो, उलट वाट मात्र कष्टाची आहे. श्री. प्रवासाची तयारी म्वांझाला, म्हणजे टांझानियात जात आहेत, म्हणून माझा आग्रह जुळणीचाच राहील.

---

नैरोबीकर

म्वांझासाठी हे मला मान्य आहे. मी फक्त एवढेच जोडतो की चूक झाली तरी तेथील लोक हसत नाहीत, वाक्य पुन्हा बरोबर करून म्हणतात. तसे कोणी केले की ते रूप त्याच वेळी मोठ्याने उच्चारावे.

---

प्रवासाची तयारी

आणखी एक शंका. वडीलधाऱ्यांशी बोलताना 'तू' म्हणजे 'उ' वापरणे मला जड जाते. आदरार्थी 'म्‌' वापरला तर चालेल का?

---

शेवटचे पान

नाही. 'म्‌नासोमा' म्हटल्यास ऐकणारा मागे वळून पाहील की आणखी कोण उभे आहे, कारण ते केवळ अनेकवचन आहे. क्रियापदात आदर नसतो, तो अन्यत्र असतो. वयाने मोठ्या व्यक्तीला भेटताच 'शिकामो' म्हणावे, ते 'माराहाबा' असे उत्तर देतात. हा आपल्या नमस्कार आणि आशीर्वादाच्या जवळचा प्रकार आहे आणि टांझानियात तो चुकवू नये. काही मागताना आज्ञार्थ टाळून 'नाओम्बा माजि' (पाणी मागतो) असे म्हणतात. तेवढ्यात सगळा आदर येतो.

---

किनारा

आता थोडा सराव. ही पाच वाक्ये करून पाहा : 1. माझी दोन मुले घरी आहेत. 2. शिक्षकाचे पुस्तक टेबलावर आहे. 3. मला अजून समजलेले नाही. 4. माझा मित्र केळी विकत घेतो आहे. 5. तीन फळे पडली आहेत.

---

प्रवासाची तयारी

1. वातोतो वांगु वाविलि नि ञुंबानि.
2. कितााबु चा म्वालिमु नि मेझानि.
3. सिजाएलेवा.
4. राफिकि यांगु इनानुनुआ न्दिझि.
5. मातुंदा मातातु यामेआंगुका.

---

किनारा

तिसरे आणि पाचवे निर्दोष आहे. पहिल्या-दुसऱ्यात एकच चूक आहे आणि ती मराठीमुळे होते, हेही प्रांजळपणे सांगायला हवे. 'मी शिक्षक आहे', 'मी घरी आहे', 'माझ्याजवळ पुस्तक आहे' या तिन्ही ठिकाणी आपण 'आहे' वर भागवतो. स्वाहिलीत तीन वेगळ्या रचना आहेत. ओळख सांगताना 'नि' : मिमि नि म्वालिमु. स्थळ सांगताना कर्त्याचा उपसर्ग अधिक 'को' : निको ञुंबानि. जवळ असणे सांगताना उपसर्ग अधिक 'ना', म्हणजे 'सह' : निना कितााबु, शब्दशः 'मी पुस्तकासह'. म्हणून पहिले वाक्य 'वातोतो वांगु वाविलि वाको ञुंबानि' आणि दुसरे 'कितााबु चा म्वालिमु किको मेझानि'. 'ञुंबा' ला 'नि' लागून 'ञुंबानि' होते, ते आपले 'घरी' किंवा 'घरात'. हा शेवटी लागणारा 'नि' आणि 'मी' चा आरंभीचा 'नि' आणि 'आहे' चा सुटा 'नि' हे तिन्ही निरनिराळे आहेत.

चौथ्यात तुम्ही राफिकि हे नाम यांगु घेते म्हणून इ-झि वर्गाचे मानले आणि क्रियापदाला 'इ' लावला. तर्क बरोबर होता. परंतु सजीवाचे क्रियापद आ-वा वर्गाचेच असते, नाम कोणत्याही रूपाचे असो : राफिकि यांगु आनानुनुआ न्दिझि. 'किबोको' (पाणघोडा) दिसायला कि-व्हि आहे, तरी 'किबोको म्‌कुब्वा आनाकुजा', मोठा पाणघोडा येतो आहे. नातेवाईक आणि मित्र यांच्या इ-झि रूपाच्या नामांबाबत मात्र 'माझा' तेवढा यांगु राहतो : बाबा यांगु, मामा यांगु, राफिकि यांगु.

---

प्रवासाची तयारी

'राफिकि यांगु आनानुनुआ न्दिझि' हे दहा वेळा म्हटले. एक शेवटची विचारणा : 'मी विकत घेतलेले पुस्तक' कसे म्हणतात? 'जे पुस्तक मी घेतले ते' असे फोडून सांगावे लागते का?

---

किनारा

फोडावे लागत नाही. काळाच्या खुणेनंतर नामाच्या वर्गाचा ठसा 'ओ' लावून घालतात : कितााबु नि-लि-चो-नुनुआ. 'कि' चा 'चो' होतो, जसा 'चा' आणि 'चांगु' मध्ये 'कि' चा 'च' झाला होता. आपण 'घेतलेले' हे विशेषण करून पुस्तकाच्या आधी ठेवतो, ते सारे पुस्तकामागून ठेवतात.

---

प्रवासाची तयारी

मग अनेकवचनी 'व्हितााबु निलिव्ह्योनुनुआ'. आणि फळे असतील तर 'या' वरून 'मातुंदा निलियोनुनुआ', केळी असतील तर 'झि' वरून 'न्दिझि निलिझोनुनुआ'. बरोबर आहे का?

---

किनारा

तिन्ही बरोबर.